बनुबाईच्या रानातलं जिप्सम

कचरा कमी झाला म्हटलं की आपण सगळेच खूश होतो. सकाळी गल्लीत घंटागाडी येते, आपण डबा रिकामा करतो, गाडी कोपऱ्यावरून वळते आणि आपल्या लेखी विषय संपतो. गाडी पुढं कुठं जाते असं विचारणारा माणूस आपल्याकडं खुळा ठरतो. मी ज्या कंपनीची गोष्ट सांगणार आहे, तिथं असा एकही खुळा नव्हता. सगळे शहाणे होते. त्या शहाण्यांनी मिळून काय करून ठेवलं ते ऐका.

ही कंपनी सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत आहे. कापडाच्या रंगांना लागणारी रसायनं तिथं बनतात. एप्रिल संपता संपता तिथं वर्षाची आढावा बैठक झाली. गार खोलीत पडद्यावर आलेख झळकत होता. उत्पादनाची निळी रेघ तीन वर्षांत दुपटीवर गेली होती आणि घातक कचऱ्याची लाल रेघ घसरत खाली आली होती. आधी वर्षाला अकराशे टन, मग पाचशे, आता नव्वद. जनरल मॅनेजर ऋषिराज यांनी पर्यावरण विभागाच्या जयराजला पुढं बोलावून त्याच्या हातात सन्मानचिन्ह दिलं.

"उत्पादन दुप्पट आणि कचरा बारावा हिस्सा," ते म्हणाले. "याला म्हणतात व्यवस्थापन."

टाळ्या झाल्या.

आता तुम्हीच सांगा, चुलीवर दुप्पट स्वयंपाक केला आणि राख मात्र चिमूटभर पडली, असं कुठल्या घरात घडतं? चौथी शिकलेल्या बाईलाही हा प्रश्न पडेल. त्या खोलीत मोठमोठ्या पदव्या घेतलेली वीस माणसं बसली होती आणि एकालाही तो पडला नाही. कुणाला पडला असेल, तर त्यानं तो चहाबरोबर गिळला.

जयराज काही वाईट माणूस नव्हता, आणि माझा खरा राग त्याचाच आहे. वाईट माणसाशी उघड भांडता येतं. हा चांगल्या घरातला, अभ्यासू, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेला, कृष्णाकाठच्या बोरजाईवाडीचा. त्या भागात उसाला पाणी पाजून पाजून चांगली काळी रानं क्षारपड झाली आहेत. वर मीठ फुटतं, पीक उगवत नाही. असं रान दुरुस्त करायला जिप्सम घालतात, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. जयराज हे बघतच लहानाचा मोठा झाला होता, आणि चूक झाली ती इथंच.

कंपनीत वापरून झालेलं आम्ल उरायचं. त्यात चुना घातला की खाली पांढरट गाळ बसायचा. हा गाळ घातक कचरा म्हणून बंद ट्रकमधून, कागदपत्रांसह, सरकारमान्य सुरक्षित खड्ड्यात पाठवायचा असा कायदा आहे. तीन वर्षांपूर्वी एका बैठकीत जयराज सहज बोलून गेला, "सर, आपल्या गाळात मुख्यतः जिप्समच असतं. आमच्याकडं शेतकरी जिप्सम शोधत हिंडतात." साहेबांचे डोळे चमकले. गाळाचा नमुना प्रयोगशाळेत गेला. कॅल्शियम किती आणि गंधक किती, एवढंच विचारलं, म्हणून प्रयोगशाळेनं तेवढंच सांगितलं. क्रोमियम किती, शिसं किती, रंगाच्या रसायनांचं उरलंसुरलं किती, हे कुणी विचारलंच नाही. त्या दिवसापासून गाळाचं नाव 'कृषी जिप्सम' झालं. नाव बदललं आणि कचरा कमी झाला. बारशाच्या घुगऱ्या तेवढ्या वाटायच्या राहिल्या.

यंदा फेब्रुवारीत एका परदेशी गिऱ्हाइकानं गाळाची पूर्ण तपासणी मागितली. अहवाल जयराजच्या हातात पडला. क्रोमियम मर्यादेच्या कितीतरी पट होतं. शिसं होतं. आणखी दोन रसायनं अशी होती की त्यांची नावं वाचून त्याला दुपारचा डबा उघडवेना. तो कागद घेऊन ऋषिराजांकडं गेला.

"गिऱ्हाइकाला दुसरा नमुना पाठवू," ते म्हणाले. "हा ड्रॉवरमध्ये ठेव. जूनमध्ये वार्षिक विवरणपत्र गेलं की बघू."

जयराजनं कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. त्यानंतरच्या तीन महिन्यांत त्यानं मुलीचा वाढदिवस केला, गाडीला नवे टायर घातले, लग्नं जेवला. ड्रॉवर काही उघडला नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी बनुबाईचा फोन आला. बनुबाई म्हणजे जयराजची चुलती. तिचा नवरा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि चार वर्षांत वारला. तेव्हापासून नदीकडचं तीन एकर रान ती एकटी बघते. त्या रानाच्या खालच्या अंगाला विहीर आहे आणि सगळी वस्ती त्याच विहिरीचं पाणी पिते.

"तुमच्या कंपनीचं जिप्सम आलंय बग माझ्या रानात," ती फोनवर म्हणाली. "पर हितं भांडान लागलंय. तू ये."

जयराज पोचला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. रानात पांढऱ्या पावडरीचे चाळीस ढीग ओळीनं पडले होते. ट्रॉल्या भरून आणणारा गावचाच बाळासो ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडून बसला होता. इंजिन चालू होतं. ढीग विस्कटून एकदा रोटर फिरवला की पावडर मातीत मिसळणार होती आणि मग ब्रह्मदेव आला तरी ती वेगळी करता येणार नव्हती. ढिगांपुढं आडवा उभा होता तो आकाराम. हा म्हसवडकडचा मेंढपाळ. पेरणीच्या आधी खतासाठी रानात मेंढरं बसवायची पद्धत आपल्याकडं आहेच. आकाराम वीस वर्षं बनुबाईच्या रानात मेंढरं बसवत आला होता.

"यंदा बसवीत न्हाई म्हनतोय," बनुबाई म्हणाली. "आन रोटरबी फिरवू दीना. तूच समजाव आता. तू शिकलेला हायस."

"आवं काकी, राग मानू नगा," आकाराम म्हणाला. "ही पावडर म्या वळखतोय. पलीकडच्या गावात भाऊसोंनी दोन वर्सांमागं हीच घातलीय. गेल्या साली तितं मेंढरं बसवली. गवताला त्वांड लावीनात. जेनी लावलं, त्यातल्या सात मेंढ्या गाभडल्या, कोकरं पोटातच गेली. मला वाटलं कसला तरी पाला खाल्ला आसंल. यंदा जाऊन बगतो, तर हिरीच्या पान्यावर तांबूस तवंग."

जयराजला ड्रॉवरमधला कागद आठवला. पण शिकलेल्या माणसाजवळ उत्तर नेहमी तयार असतं. "मेंढ्या कशानंबी गाभडतात," तो म्हणाला. "रोग आसतोय. लस टोचली हुती का?"

"टोचली हुती. कार्ड हाय माझ्यापाशी. दाखवू?"

बाळासो ट्रॅक्टरवरून ओरडला, "आरं गड्या, घरपोच फुकट मिळतंय तर खुसपट कशाला काढतोस? सरळ सांगतोय, कंपनीचा कागद हाय. जिप्सम म्हनून शिक्का हाय त्येच्यावर."

"शिक्क्याचंच सांगतोय म्या," आकाराम शांतपणे म्हणाला. "मेंढरू शाळंत जात न्हाई, म्हनून त्येला फशिवता येत न्हाई. त्ये वास घेतंय आन मागं फिरतंय. मानसाला नाव वाचता येतंय, म्हनून मानूस फसतंय. सायेब, तुमीच वास घ्या की. डांबरगोळीगत येतोय का न्हाई?"

जयराजला वास घ्यायची गरज नव्हती. तो वास रोज संध्याकाळी त्याच्या शर्टाला असायचा.

"थांबा रं समदी," बनुबाई म्हणाली. "मी बगते."

तिची एक रीत गावाला ठाऊक होती. माती परीक्षणाची कार्डं यायच्या कितीतरी आधीपासून ती रानातली चिमूट जिभेवर ठेवून खार किती आहे ते सांगायची. कुठल्या सरीत ऊस धरेल आणि कुठल्या सरीत जळेल, हे तिचं सांगणं सहसा चुकलं नव्हतं. लोक तिला आपल्या रानात मुद्दाम बोलावून न्यायचे.

"खऱ्या जिप्समला चव नसती," ती वाकत म्हणाली. "खडूगत लागतंय. आता कळंल." तिनं ढिगातली चिमूट उचलली आणि हात तोंडाकडं नेला.

"काकी, नको!"

जयराज असा धावला की ढेकळात पाय अडकून पडता पडता वाचला. त्यानं तिच्या हातावर फटका मारला. पावडर तिच्या लुगड्यावर सांडली. तो ती झटकू लागला, बाटलीतलं पाणी तिच्या बोटांवर ओतू लागला, पदराच्या टोकानं तिचे ओठ पुसू लागला. "तोंडाला लागलं का? थुक आदी. काकी, थुक!"

बाळासोनं इंजिन बंद केलं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. तीन महिने कुलूप लावून ठेवलेली गोष्ट जयराजच्या हातांनी साऱ्यांसमोर ओरडून सांगितली होती. बनुबाई त्याच्याकडं बघत राहिली. लहानपणी ताप आला की ती अशीच बघायची.

"लागलं न्हाई तोंडाला," ती म्हणाली. "पर तुला म्हाईत हाय."

"काकी, तसं न्हाई..."

"चिमूटभर माझ्या तोंडात जातंय म्हनल्यावर तुजा जीव निगाला. आन चाळीस ढीग माझ्या रानात जात्यात, त्ये चालतंय व्हय तुला?"

"काकी, मातीत मिसळल्यावर परमान कमी हुतंय..." हे बोलताना त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

"आन मग? ह्या रानातला ऊस कोन खानार? त्येचा गूळ कुनाच्या घरात जानार? पावसानं समदं वाहून हिरीत आलं की त्ये पानी कोन पिनार? फिरून फिरून मानसाच्याच तोंडात येतंय की रं. आज चिमूट हुती तर तुला दिसली. उद्या पान्यातनं ईल तवा कुनाच्या हातावर फटका मारशील?"

आकारामनं मान दुसरीकडं वळवली.

"कागद हाय का त्येचा? त्यात काय हाय त्येचा?" बनुबाईनं विचारलं.

"हाय."

"कवापास्नं?"

"फेब्रुवारीपास्नं."

"म्हंजे माझ्या रानात ट्रॉल्या रिकाम्या झाल्या, तवा कागद तुज्यापाशी हुता."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तुजा चुलता पलटनीत पान्याच्या टाकीवर पहारा करायचा. दुश्मनानं रातीत इख कालवू नये म्हनून बंदूक घिऊन हुबा ऱ्हायचा. हितं पहारा कुनावर ठिवायचा सांग मला. घरच्या पोरावर?"

जयराजला स्वतःचा असा राग त्याआधी कधी आला नव्हता. त्याला ती बैठक आठवली नाही, साहेब आठवले नाहीत. आपल्यालाच ही युक्ती सुचली होती, एवढंच आठवलं. आपल्या गावची रानं वाचावीत म्हणून सुचली होती, आणि खरं कळल्यावरही आपण ती थांबवली नव्हती.

"बाळासो," तो म्हणाला, "ट्रॉल्या आन. समदं परत भरायचं."

"मला काय, मी भाडोत्री," बाळासो म्हणाला. "पर कंपनी आत घील का?"

"घिईल. न्हाई घेतलं तर गेटावरच हुबं ऱ्हायचं."

जयराजनं गावातल्या दुकानांतून हातमोजे, तोंडाला बांधायचे मास्क आणि गमबूट आणवले. ते घातल्याशिवाय कुणालाही फावडं उचलू दिलं नाही. ढीग उचलल्यावर त्याखालची वीतभर मातीही खरवडून काढली. ट्रॉल्यांवर ताडपत्री घट्ट बांधली. हे सगळं कसं करायचं ते त्याला पाठ होतं. कंपनीत नव्या कामगारांना हेच तो शिकवायचा, आणि मग तोच गाळ उघड्या ट्रॉलीतून शेतकऱ्याकडं पाठवायचा.

सोमवारी सकाळी दहा ट्रॉल्या कंपनीच्या गेटवर उभ्या राहिल्या. ऋषिराज स्वतः बाहेर आले.

"वेडा झालास का जयराज? दिलेला माल परत का आणलास?"

"हा माल नाही, सर. घातक कचरा आहे. आत शेडमध्ये घ्या आणि वर तसा फलक लावा."

"हळू बोल. विवरणपत्रात नव्वदचे अकराशे दाखवायचे म्हणतोस? उद्या तपासणीचं पथक दारात येईल."

"अकराशे तीन वर्षांपूर्वी होते, सर. उत्पादन दुप्पट झालंय. खरा आकडा बावीसशेच्या वर जातो. मी तोच लिहिलाय. फेब्रुवारीचा अहवाल जोडून सकाळी सहा वाजता प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवलाय. गाळ कुठल्या कुठल्या गावांत गेला, त्याची यादीही."

ऋषिराजांचा चेहरा पडला. मग ते अगदी आपुलकीनं म्हणाले, "अरे, सगळेच करतात हे."

मित्रहो, आपल्या देशात या चार शब्दांनी जेवढं विष पेरलं आहे तेवढं कुठल्याही कारखान्यानं पेरलं नसेल. सगळेच करतात म्हणून ओढ्यात सोडायचं, सगळेच करतात म्हणून माळावर ओतायचं, आणि शेवटी सगळेच भोगतात तेव्हा नशिबाला बोल लावायचा. जयराजही तीन महिने हेच शब्द उशाला घेऊन झोपला होता. त्या दिवशी त्याला त्यांची शिसारी आली.

"बनुबाईच्या रानात मी केलं होतं, सर," तो म्हणाला. "सगळ्यांनी नाही."

ट्रॉल्या आत घ्याव्या लागल्या, कारण तोवर गेटवर बोरजाईवाडीची पन्नासेक माणसं जमली होती. चौथ्या दिवशी पथक आलं, नमुने घेतले गेले. कंपनीनं जयराजला निलंबित केलं. गावानं त्याचा सत्कार करायचं ठरवलं. तेव्हा बनुबाईनं सरपंचांना सुनावलं, "सत्कार कशाचा? आपल्याच हातानं सांडलेलं भरून न्हेलं, त्येचा?" सत्कार रद्द झाला.

इथं ही गोष्ट संपली असती तर मला एवढा राग आला नसता. पण भाऊसोंचं रान उरलं होतं. तिथं पावडर दोन वर्षांपूर्वीच मातीत गेली होती, तिच्यावर दोनदा नांगर फिरला होता, दोन पावसाळे होऊन गेले होते. सरकारी चिठ्ठी यायची तेव्हा येईल, पण आपण तोंडानं सांगायला हवं, म्हणून जयराज आकारामला बरोबर घेऊन तिथं गेला.

भाऊसो साठीचे, मऊ स्वभावाचे गृहस्थ. कंपनीचे साहेब आलेत म्हणून त्यांनी पलंगावर चादर अंथरली. "तुमच्या जिप्समनं रान जरा सुदारल्यागत वाटतंय," ते म्हणाले. जयराज बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात आतून त्यांची सून रेश्मा चहा घेऊन आली. तिला सातवा महिना होता. तिनं पदर सावरत कप त्याच्या हातात दिला.

"घ्या की," भाऊसो म्हणाले. "पानी आपल्या हिरीचं हाय. बाहीरचं न्हाई."

कप हातात घेऊन जयराज तसाच बसला. त्याच्यानं चहा पिववेना आणि कप खालीही ठेववेना. रेश्मा दारात उभी होती. आपल्या हातचा चहा पाहुणा का घेत नाही, हे तिला कळेना.

"भाऊसो," तो शेवटी म्हणाला, "ह्या हिरीचं पानी आजपास्नं कुनी पिऊ नगा. जनावरांनाबी दिऊ नगा. ती पावडर जिप्सम नव्हती. आमच्या कंपनीचा कचरा हुता. इखारी हाय. तुमच्या रानात मीच धाडला."

भाऊसोंनी दारातून रानाकडं बघितलं.

"रानातनं काडता ईल का?" भाऊसोंनी विचारलं.

"न्हाई. बरीच वर्सं न्हाई."

भाऊसोंनी मान हलवली. ते रडले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी उठून जयराजच्या हातातला कप काढून घेतला आणि अंगणाच्या कडेला ओतला. तेव्हा रेश्मा बोलली.

"मी लगीन झाल्यापास्नं ह्येच पानी पितीया," ती म्हणाली. "माज्या लेकराला काय हुईल का, सायेब?"

जयराज एम.एस्सी. होता. त्याला क्रोमियमचा अणुभार पाठ होता. या प्रश्नाचं उत्तर मात्र त्याला ठाऊक नव्हतं, आणि प्रयोगशाळेतल्या कुणालाही ते ठामपणे सांगता आलं नसतं. तो फक्त म्हणाला, "मला ठाऊक न्हाई ताई. उद्या सकाळी तुमाला मोठ्या दवाखान्यात मी स्वता घिऊन जातो. आन हितनं पुढं ह्या गावात मी रोज येनार हाय."

तो येतो. वस्तीला पिण्याचा टँकर सुरू झाला आहे, विहिरीवर जाळी आणि लाल पाटी बसली आहे. बाकीच्या गावांतही तो जातो, शिव्या खातो आणि परत जातो.

तेव्हा नागरिकहो, एवढं ध्यानात ठेवा. घातक कचरा नाव बदलून कमी होत नाही, गाव बदलूनही कमी होत नाही. तो कमी करायचा तर कारखान्याच्या आत, यंत्रापाशीच करावा लागतो, आणि उरेल तो बंदिस्त जागी, खऱ्या नावानं, खऱ्या वजनानं ठेवावा लागतो. कुणी कचरा घटल्याचं सांगायला आलं, तर तो गेला कुठं असं विचारा आणि जागा दाखवल्याशिवाय त्याला सोडू नका. तुमच्या हाताखालून असा कागद जात असेल, तर तो त्याच दिवशी बोलून दाखवा. नाहीतर एक दिवस कुणाच्या तरी अंगणात, कुणीतरी रेश्मा हाच प्रश्न विचारील, आणि तेव्हा मान खाली घालून बसण्यापलीकडं तुम्हाआम्हाला काहीही करता येणार नाही.